आठवड्याची भाकरी रविवारी

सोलापूरला फोन लावला की तब्येतीच्या आधी जेवणाची चौकशी होते. ‘तिकडं खातीस तरी काय गं?’ असं आई विचारते, शेजारच्या काकू विचारतात, आणि हल्ली ज्यांची मुलं शिकायला जर्मनीला निघालीत ते आईबापही विचारतात. माझ्या बाबतीत या काळजीला कारणही आहे. मला सीलिअॅक आहे. गहू, जव आणि राय या धान्यांतलं ग्लूटेन नावाचं प्रथिन पोटात गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. त्यावर गोळी नाही, जन्मभर ग्लूटेन टाळणं हाच इलाज. म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहितेय. ज्यांना सीलिअॅक नाही पण पैसे जपून राहायचंय, त्यांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल.

इथे स्टुटगार्टमध्ये ग्लूटेनमुक्त पाव दुकानात सहज मिळतो, पण साध्या पावाच्या दुप्पट-तिप्पट किमतीला. बाहेर जेवायचं तर माणशी बारा-पंधरा युरो जातात, आणि बटाट्याचे काप कशाकशाबरोबर एकाच तेलात तळलेत ते वाढणाऱ्यालाही ठाऊक नसतं. उलट अर्धा किलो मसूर डाळ दीड-दोन युरोला येते आणि आम्हा दोघांना तीन-चार वेळा पुरते. हिशेब उघड आहे, घरी शिजवायचं. अडचण वेळेची. संध्याकाळी दमून आल्यावर भाकऱ्या थापायचं त्राण राहत नाही, आणि नेमका तेव्हाच पैसा बाहेर जातो.

जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात. त्यामुळे शनिवारी बाजार, रात्री डाळी-कडधान्यं भिजत, रविवारी सकाळी स्वयंपाक, असा आमचा क्रम आपसूक बसला. इंटरनेटवर सात डब्यांत सात सारखी जेवणं भरून ठेवलेली दिसतात, ते मला पटत नाही. गुरुवारपर्यंत तो डबा उघडावासाच वाटत नाही. त्यापेक्षा पाया तयार ठेवावा आणि फोडणी रोज ताजी द्यावी. आपलं सोलापूरचं जेवण तर मुळातच टिकाऊ. कडक भाकरी, शेंगा चटणी, लसणाचं तिखट. यातल्या कशालाच फ्रीज लागत नाही.

कडक भाकरी इथे कशी करते ते नीट सांगते, कारण हेच सगळ्यांना अवघड वाटतं. ज्वारीत ग्लूटेन नाही, म्हणून पिठाला ताणही नाही. त्यासाठी पाणी चांगलं उकळतं घ्यायचं, पिठात ओतून उलथन्याच्या दांड्याने कालवायचं, झाकून ठेवायचं आणि हाताला सोसेल तेव्हा तळहाताने रगडून मळायचं. कड चिरली नाही की पीठ जमलं समजावं. भाकरी नेहमीपेक्षा पातळ थापायची, अगदी परातीची नक्षी खालून जाणवेल इतकी. इथल्या शेगडीला जाळ नसतो, नुसती काच तापते. म्हणून तव्यावरच फडक्याने दाबत दोन्ही बाजू भाजते. मग सगळ्या भाकऱ्या ओव्हनच्या जाळीवर सुट्या मांडते आणि शंभर अंशांवर पंखा लावून ठेवते. मधे एकदा उलटायच्या. टिचकी मारली की खण्ण वाजली पाहिजे. मऊ वाटली तर अजून ठेवावी, कारण ओल राहिली तर बुरशी येते. पूर्ण गार झाल्यावरच पत्र्याच्या डब्यात. आठवडा काय, त्याहून कितीतरी जास्त टिकते.

भाकऱ्या वाळेपर्यंत शेगडीवर तूर, मूग, मसूर आणि हरभरा डाळ एकत्र शिजते. त्यात मीठ-मसाला काहीच घालत नाही. त्यातला एक भाग लसूण-खोबऱ्याच्या वाटणाने बाजार आमटी होतो, दुसऱ्यात गोठवलेला पालक पडतो (इथे तो वर्षभर स्वस्त), तिसरं आमसुलाचं साधं वरण. रोज दहा मिनिटांचं काम. आमटीत भाकरी चुरून, वरून चटणी आणि कच्चा कांदा, की मला करमाळ्याच्या बाजारात बसल्यासारखं वाटतं.

साठवणीत मात्र हयगय नको. शिजलेली डाळ पसरट भांड्यात ओतून लवकर गार करायची आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवायची. फ्रीज पाच अंशांच्या आत हवा. तीन दिवसांपुरती डाळ फ्रीजमध्ये, बाकीची रविवारीच फ्रीझरमध्ये. भात आठवड्याचा करून ठेवू नका. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात. ते शिजवूनही मरत नाहीत, भात बाहेर राहिला की वाढतात आणि तयार झालेलं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. वीस मिनिटांचा तर भात, ताजाच लावावा.

विद्यार्थ्यांच्या सामाईक स्वयंपाकघरात फ्रीझरचा एखादाच कप्पा वाट्याला येतो, म्हणून डबे चपटे घ्यावेत. सीलिअॅक असेल तर तवा, चाळणी आणि पोळपाट स्वतःचा वेगळा. जर्मनीत पाकिटावर गहू, जव यांसारखे घटक ठळक अक्षरांत छापावे लागतात, हा मोठा आधार आहे. वाइत्सेन म्हणजे गहू, गेर्स्टे म्हणजे जव, रोगेन म्हणजे राय. डिंकेल पौष्टिक म्हणून विकतात, पण तोही गव्हाचाच प्रकार. ‘ग्लूटेनफ्राय’ लिहिलेल्या पदार्थात किलोमागे जास्तीत जास्त 20 मिलिग्रॅम ग्लूटेन चालतं. ओट्स घ्यायचे तर तसं लिहिलेलेच घ्यावेत.

आता सोलापुरातल्या आयांसाठी. बाजारातल्या बऱ्याचशा हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, डबीवर वाचून घ्या. येसुरातही (आमटीत घालायचं भाजक्या धान्याचं मसालेदार पीठ) बऱ्याच घरी गहू भाजून घालतात, माझी आई माझ्यासाठी बाजरी आणि हरभरा डाळीचाच करते. ज्वारी मंगळवेढ्याची मालदांडी असली तरी गिरणीत आधी गहू दळला असेल तर ते पीठ आमच्या कामाचं नाही. त्यासाठी घरघंटी वेगळी हवी, किंवा गिरणीतलं दळण टाळून सीलबंद ग्लूटेनमुक्त पीठच घ्यावं. आणि एखाद्या मुलाला सीलिअॅकची शंका असेल तर रक्ततपासणीच्या आधी स्वतःच्या मनाने गहू बंद करू नका, तपासणी चुकीची येऊ शकते. डॉक्टरांना विचारूनच काय ते करा.

सामानात तूप, पेढे, खवा देऊ नका, युरोपबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. शेंगा चटणी मात्र भरपूर द्या, कोरडी आणि दोन पिशव्यांत बांधून. पीठ थोडंच. जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि भाकरी थापताना तुटते. जेवढं येईल तेवढं मुलांनी आल्याबरोबर फ्रीझरमध्ये टाकावं.