गुरुदेव रानड्यांवरच्या सेमिनारात पेपर वाचला, त्याचा अनुभव

बेळगावात गुरुदेव रानड्यांच्या तत्त्वज्ञानावर सेमिनार आहे अशी पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत आली आणि पेपर पाठवायचा हे मी लगेच ठरवलं, कारण आमच्या निपाणीकडं रानडे म्हटलं की पोरांना न्यायमूर्ती रानडेच आठवतात. हे रामचंद्र दत्तात्रय रानडे. जन्म जमखंडीचा, १८८६ चा, फर्ग्युसनला शिकवलं, सांगलीत विलिंग्डनला शिकवलं, मग अलाहाबाद विद्यापीठात, आणि १९५७ ला निंबाळच्या आश्रमात देह ठेवला. म्हणजे माणूस आपल्याच भागातला, मराठी संतांवर लिहिलं तसं कन्नड संतांवरही.

खरी अडचण अ‍ॅबस्ट्रॅक्टची, म्हणजे पेपरच्या आधी पाठवायच्या सारांशाची. अर्धे लोक 'जीवन व कार्य' पाठवतात आणि ते परत येतं. आमच्या सीनियर मॅडम म्हणाल्या, "सर, एकच मुद्दा धरा आणि त्याच्याशीच भांडा की." मग रानड्यांच्या १९३३ च्या इंग्रजी ग्रंथातली संतांची वर्गवारी धरली. ज्ञानेश्वर बौद्धिक, नामदेव लोकशाही वळणाचे, एकनाथ समन्वयाचे, तुकाराम व्यक्तिगत आणि रामदास कर्मप्रधान. शेवटचं मला कॉलेजपासून पटत नव्हतं. 'अनुदिनि अनुतापे तापलो रामराया' म्हणणाऱ्याला कर्माच्या कप्प्यात टाकलं तर करुणाष्टकं ठेवायची कुठं? ते रडणं तुकोबांच्या रडण्यापेक्षा कमी खासगी आहे असं कोण म्हणेल! पण नुसतं एवढंच म्हणून भागत नाही, कारण रानड्यांच्या लेखी गाभा सगळ्यांचा एकच, देवाचा स्वतःला आलेला थेट अनुभव, आणि मग हे पाच प्रकार म्हणजे अनुभवाचे नाहीत तर स्वभावाचे, अशा अंगानं मी लिहीत गेलो आणि माझा आक्षेप अर्धा मलाच मऊ करावा लागला. पेपर त्यामुळंच चांगला झाला असं मला वाटतं.

नंतरचं सगळं तांत्रिक. प्लेजरिझम चेकमध्ये दासबोधाच्या ओव्या लाल झाल्या, म्हणजे समर्थांकडून मी चोरी केली म्हणे. अवतरणं वगळून परत चेक केल्यावर ते सुटलं. मराठी पेपर युनिकोडमध्ये आणि कन्नड नुडी फॉन्टमध्ये मागितलेले, फी ऑनलाइन, पावतीचा स्क्रीनशॉट जोडायचा, टीए-डीए नाही.

सेमिनारच्या दिवशी माझा नंबर जेवणानंतर आला, पुलाव आणि कुंदा खाऊन हॉल पेंगत होता. दहा मिनिटं दिलेली, आठव्या मिनिटाला घंटा. प्राध्यापकांनी ठरलेलेच प्रश्न विचारले, संदर्भ कुठला, पद्धत कुठली. खरा प्रश्न मागच्या रांगेतून आला. टोपीवाले एक आजोबा उठले, गुरुदेवांच्या संप्रदायातले असावेत, बहुतेक नेमानं नाम घेणारे. "काय ओ सर, हे पाच प्रकार तुम्ही बाहेरनं बघून सांगताय की आतनं?" अध्यक्ष हसले, मला मात्र हसू आलं नाही. मी म्हटलं, "आजोबा, बाहेरनंच. आतलं माझ्याकडं नाही, म्हणून शब्दांवर भांडतोय." ते "बरं आहे" म्हणून बसले. असल्या सेमिनारात निम्मे श्रोते साधक असतात आणि ते ग्रंथ पानासकट सांगतात, त्यामुळं प्राध्यापकांपेक्षा त्यांचीच तयारी करून जावं, हे मी आता आमच्या पीएचडीच्या पोरांना मुद्दाम सांगतो.

ग्रंथांचा मूळ पाठ तपासायचा असेल तर बेळगावातच हिंदवाडीत गुरुदेव रानडे मंदिर आहे, तिथंच तुलनात्मक तत्त्वज्ञान आणि धर्माची अकॅडमी आहे, आधी तिकडं एक चक्कर मारा.

सर्टिफिकेट त्याच दिवशी मिळालं, सेमिनारच्या पेपरांच्या पुस्तकाचं प्रूफ मात्र बऱ्याच उशिरा आलं आणि उघडून बघतो तर करुणाष्टकाच्या ओळीतल्या सगळ्या वेलांट्या भलत्याच अक्षरांवर जाऊन बसलेल्या. वर्डची फाइल पाठवली होती ना, म्हणून. फॉन्ट एम्बेड केलेली पीडीएफ सोबत जोडून परत पाठवली, आणि दुरुस्त प्रूफ येईपर्यंत फोन करत राहिलो.