जुनेच बोल्ट

"एवढा खटाटोप करण्यापेक्षा नवे घे ना," दादा सहज बोलून गेला. तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाहीये. प्रीमियर पद्मिनी गाडीच्या बॉनेटच्या कडीचे जुने बोल्ट, त्यांना घरीच विजेने जस्ताचा मुलामा द्यायचा, एवढाच तो खटाटोप. नवे मिळतील, पण डोकं वेगळं, उंची वेगळी. कुर्ल्यात बनलेल्या गाडीवर कुर्ल्याचेच बोल्ट असावेत, हे घरात कुणालाच पटू नये? 2023 मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सीही बंद झाली. बाबा असते तर... जाऊ दे.

नवा स्वस्तातला बोल्ट चमकतो, पण जस्ताचा थर पातळ असला की खाऱ्या, दमट हवेत आधी पांढरी पूड धरते, मग तांबडा गंज. घरी थर हवा तेवढा देता येतो. 8 मिमीचा, 30 मिमी लांब बोल्ट म्हणजे साधारण 15 चौरस सेंटिमीटर, त्याला 0.3 अँपिअर पुरतात. पंधरा मिनिटांत सात-आठ मायक्रॉन जस्त बसतं. करंट वाढवला की कडा काळ्या पडतात आणि जस्त बोटाला लागून येतं.

मुलाम्याच्या द्रावणात लिटरला झिंक क्लोराइड 60-70 ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड 180-200, बोरिक ॲसिड 25-30, पीएच 5 ते 5.5. ब्राइटनर, म्हणजे चमक आणणारं रसायन, नसेल तर रंग राखाडीच. पण खरी मेहनत त्याआधी, ग्रीस काढण्यात. धुतलेल्या बोल्टवर पाण्याचा थर सलग राहिला पाहिजे. जिथे पाणी फाटतं तिथे तेल आहे, आणि मुलामा तिथूनच सुटणार. शेवटी निळं ट्रायव्हॅलंट पॅसिव्हेशन, म्हणजे जस्ताला जपणारा क्रोमियमचा पातळ थर देणाऱ्या द्रावणात अर्धा-एक मिनिट. क्रोमियमचंच पिवळं हेक्झाव्हॅलंट जुन्या गाडीला शोभतं, पण त्याने कॅन्सर होऊ शकतो. घरात नकोच.

का पटू नये कुणाला?

मात्र एका जागी दादाचं बरोबर आहे. डोक्यावर 10.9 किंवा त्याहून मोठा आकडा असलेल्या, म्हणजे जास्त मजबूत बोल्टमध्ये गंज काढायच्या ॲसिडमुळे आणि मुलाम्यामुळे हायड्रोजन शिरतो. आवळलेला बोल्ट ठिसूळ होऊन नंतर कधीतरी अचानक तुटतो. उपाय म्हणजे मुलाम्यानंतर चार तासांच्या आत 190 ते 220 अंशांवर निदान चार तास भाजणं, तेही पॅसिव्हेशनच्या आधी, कारण ती उष्णता पॅसिव्हेशनला सोसत नाही. घरच्या ओव्हनच्या आकड्यावर स्टिअरिंगचा बोल्ट सोपवायचा नाही. म्हणून स्टिअरिंग, ब्रेक, सस्पेन्शनचे नवेच, आणि तिथला डोक्यावर खूण नसलेलाही नवाच. त्यात कमीपणा कसला.

कडी, बिजागऱ्या, दिव्यांच्या रिंगचे स्क्रू जुनेच राहतील. धुण्याचं पाणी मोरीत ओतायचं नाही. धुण्याचा सोडा घालून गाळ खाली बसू द्यायचा आणि तो बरणीत वेगळा ठेवायचा.