पॅकेजातला ‘कॅन्सर मार्कर’

वहिनीने केलेल्या हेल्थ चेकअप पॅकेजचा रिपोर्ट सकाळी व्हॉट्सॲपवर आला. सीए-१२५, म्हणजे अंडाशयाच्या कॅन्सरचा रक्तातला मार्कर (खूण): ६८, बाजूला ठळक ‘एच’, म्हणजे ‘हाय’. ३५ पर्यंत नॉर्मल. म्हापशाच्या घरात दुपारी कुणी धड जेवलं नाही, शेजारणीने तर शांतादुर्गेला नवसही बोलून टाकला.

संध्याकाळी डॉक्टरबाईंचा पहिला प्रश्न, ‘रक्त दिलं तेव्हा पाळी चालू होती का?’ होती. शिवाय जुना फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयातली साधी गाठ, आहेच. पाळी, फायब्रॉइड, एंडोमेट्रिओसिस, गरोदरपण, ओटीपोटातला संसर्ग, लिव्हर सिरॉसिस, पोटाचा टीबी, या सगळ्यांत हा आकडा चढतो म्हणे. उलट अंडाशयाचा कॅन्सर अगदी सुरुवातीचा असेल तर बऱ्याच जणींत तो नॉर्मलच येतो! मग कसलाही त्रास नसलेल्या बाईच्या पॅकेजात ही टेस्ट घुसडायची कशाला? लॅबवाल्यांचं गणित आपल्याला कळतं, पण राग येतोच.

दादाने लगेच आपल्या पीएसएचा, म्हणजे प्रोस्टेट कॅन्सरच्या मार्करचा, विषय काढला. प्रोस्टेट वयोमानाने वाढली किंवा तिला संसर्ग झाला, तरी तो वाढतो. सिगारेटवाल्यांचा सीईए (आतड्याच्या कॅन्सरचा मार्कर) जास्त असतो. पित्तनळीत खडा अडकून कावीळ झाली की सीए १९-९ (स्वादुपिंडाच्या कॅन्सरचा मार्कर) शेकड्यांत जाऊ शकतो. आणि काही माणसांच्या शरीरात तो जन्मतः बनतच नाही, त्यांना कॅन्सर झाला तरी रिपोर्ट कोरा.

कॅन्सरचं निदान झालेल्या पेशंटला उपचार लागू पडतायत का, हे बघायला मात्र मार्कर कामाचे.

आता पाळीचे दिवस टाळून परत टेस्ट, आधी सोनोग्राफी. बांबोळीच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलचं काय ते नंतर बघू.