काम कुठं संपतं ते आधी लिहा – फायव्हर-अपवर्कवर उतरणाऱ्या नाशिकच्या पोरांसाठी

"दादा गिग टाकून ठेवलंय पण ऑर्डरच येत नाही, जरा बघता का" असे मेसेज मला सारखे येतात. फायव्हर-अपवर्क म्हणजे घरबसल्या परदेशातल्या क्लायंटची कामं मिळवून देणाऱ्या वेबसाईट, आणि गिग म्हणजे तिथे लावलेली आपल्या कामाची जाहिरात. जास्त करून सातपूर-अंबडला कंपनीत ड्राफ्ट्समन म्हणून काम करणाऱ्या पोरांचे, नाहीतर डिप्लोमा झाला, कॉलेज रोडला कॅडचा (कॉम्प्युटरवर ड्रॉइंग-डिझाईन करायचा) कोर्स केला आणि आता घरून काहीतरी सुरू करू म्हणणाऱ्यांचे. प्रत्येकाला वेगळं वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच नीट लिहितो. मी स्वतः आधी टूलरूममध्ये डिझाईनला होतो आणि आता इंदिरानगरच्या घरून टू-डी वरून थ्री-डी मॉडेल, शीटमेटल, जिग-फिक्श्चरची (मशीनवर पार्ट धरून ठेवायच्या साधनांची) ड्रॉइंग अशी कामं ऑनलाईन घेतो, त्यामुळे उदाहरणं सगळी कॅडची असतील. पण लोगो करणारा असो, व्हिडिओ एडिट करणारी असो की अकाउंट्स लिहिणारी, मुद्दा तोच आहे.

प्रोफाईल उघडलं की पहिली ओळ जवळपास प्रत्येकाची सारखीच असते. सगळ्या प्रकारची कॅडची कामं करून मिळतील, क्वालिटी बेस्ट, शंभर टक्के समाधान. हे वाचून समोरच्याला काय कळतं? काहीच नाही. त्याच्या हातात एका ब्रॅकेटचं जुनं स्कॅन केलेलं ड्रॉइंग आहे आणि त्याला एवढंच बघायचंय की हा माणूस याचं काय करून देणार, किती दिवसात, कितीला, आणि नंतर एखादं माप बदललं तर पुन्हा पैसे लागतील का. आपण काय काय करू शकतो ते सगळे लिहितात, पण काम कुठं संपणार हे फार कमी लोक लिहितात आणि माझ्या मते ऑर्डर न येण्यापासून ते आलेली ऑर्डर चिघळण्यापर्यंत सगळं तिथूनच सुरू होतं.

मला नवल याचं वाटतं की हीच पोरं कंपनीत असं काम कधीच करणार नाहीत. एमआयडीसीत जॉबवर्कला माल आला तर सोबत चलान पाहिजे, ड्रॉइंग पाहिजे, ड्रॉइंगवर रिव्हिजन नंबर पाहिजे, नग किती, मटेरियल कुठलं, पीओवर (खरेदीच्या ऑर्डरवर) रेट काय. रेव्ह बी, म्हणजे बदललेलं ड्रॉइंग, आली की रेट पुन्हा बोलला जातो, कोणाला त्यात वाईट वाटत नाही, पार्टीलाही नाही आणि जॉबवर्क करणाऱ्यालाही नाही. मग ऑनलाईन काम घेताना हे सगळं कुठं जातं? समोरचा "क्विक जॉब आहे" म्हणाला की आपण लगेच हो म्हणून मोकळे, आणि तीन दिवसांनी तो म्हणतो की असेंब्ली पण लागेल, एक्स्प्लोडेड व्ह्यू (पार्ट सुटे करून दाखवणारं चित्र) पण लागेल, बीओएम (पार्टची यादी) तर असतंच ना सोबत. त्याची चूक नाही त्यात, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून गिगच्या वर्णनात सरळ असं लिहा, तुमच्या शब्दात, सोप्या इंग्रजीत : तुम्ही मला एका पार्टचं ड्रॉइंग किंवा हाताने काढलेलं स्केच द्या, त्यात सगळी मापं असली पाहिजेत. मी तुम्हाला स्टेप फाईल (बहुतेक कॅड सॉफ्टवेअरमध्ये उघडणारं थ्री-डी मॉडेल) आणि पीडीएफ ड्रॉइंग देईन. दोन दुरुस्त्या यात धरलेल्या आहेत. दुरुस्ती म्हणजे माझ्याकडून राहिलेलं किंवा चुकलेलं, किंवा तुमची दोन-चार मापं बदलणं. पार्टचा आकारच बदलला तर ती नवी ऑर्डर. एवढंच. हे लिहिल्यावर बायर पळून जाईल अशी भीती सगळ्यांना वाटते, पण माझा अनुभव उलटा आहे, ज्याला खरंच काम करून घ्यायचंय त्याला हे वाचून बरं वाटतं कारण त्याला कळतं की या माणसाने असलं काम आधी केलेलं आहे.

ऑर्डर घेण्याआधी विचारायचे प्रश्न पण ठरवून ठेवा. माझे असे आहेत : युनिट मिलिमीटर की इंच? प्रोजेक्शन, म्हणजे कुठला व्ह्यू कागदावर कुठल्या बाजूला मांडायचा ते, फर्स्ट अँगल की थर्ड अँगल? आपण डिप्लोमात फर्स्ट अँगल शिकतो आणि अमेरिकेत सगळं थर्ड अँगल चालतं, नीट न विचारता साईड व्ह्यू टाकला की पार्ट उलटा बनतो आणि हा प्रकार मी लोकांच्या ड्रॉइंगमध्ये बघितलाय. थ्रेड मेट्रिक आहेत की यूएनसी (अमेरिकन इंची आटे), कारण पाव इंच वीसच्या (इंचाला वीस आटे) जागी एम-६ टाकून चालत नाही. टॉलरन्स (मापात किती फरक चालेल ते) आयएसओप्रमाणे की एएसएमई वाय १४.५ या अमेरिकन स्टँडर्डप्रमाणे. शीट साईज कुठली, अमेरिकेत सहसा ए-३ नसतं, बी साईज म्हणजे ११ बाय १७ इंच असतं आणि त्यांचा प्रिंटर त्याच मापाचा असतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नेटिव्ह फाईल (ज्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल केलं त्याचीच फाईल) हवी असेल तर सॉफ्टवेअरचं व्हर्जन कुठलं, कारण नव्या व्हर्जनमध्ये सेव्ह केलेली सॉलिडवर्क्सची फाईल जुन्या व्हर्जनवाल्याकडे सहसा उघडत नाही आणि मग तो वैतागून "फाईल करप्ट आहे" असं लिहितो. हे प्रश्न विचारले की दोन गोष्टी होतात, काम नीट होतं हे तर आहेच, पण समोरच्याला पटतं की याला मशीन शॉपमधलं कळतं. तुमच्या कामात असे प्रश्न कुठले ते तुम्ही शोधा, लोगोवाल्याचे वेगळे असतील, पण असतील नक्की.

आता रेट. फायव्हरवर कमीत कमी ५ डॉलरला गिग लावता येतं आणि प्रत्येक ऑर्डरचे २० टक्के ते कापतात, म्हणजे ५० डॉलरची ऑर्डर झाली की तुमच्याकडे ४० येतात, आणि ते बँकेत आणताना रुपयात बदलायचा खर्च वेगळा. अपवर्कने २०२३ मध्ये आधीचा २०-१०-५ टक्केवाला कमिशनचा हिशोब काढून सरसकट १० टक्के केले होते, मे २०२५ पासून नव्या कॉन्ट्रॅक्टला ० ते १५ टक्के असं कामानुसार लागतं आणि किती लागणार ते प्रपोजल (कामासाठीचा आपला अर्ज) पाठवताना दिसतं, ते बघून मगच आकडा टाका. शिवाय प्रपोजल पाठवायला कनेक्ट्स (अपवर्कचे टोकन) लागतात, एक कनेक्ट १५ सेंटचा, आणि एका कामाला बरेच कनेक्ट्स जातात, म्हणून दिसेल त्या कामाला प्रपोजल टाकत सुटणं हा सरळ सरळ खर्च आहे.

सुरुवातीला ऑर्डर मिळावी म्हणून सगळे ५ डॉलरला मोठं काम लावतात. मला हे अजिबात पटत नाही. पिंपळगावच्या मार्केटला टोमॅटोची आवक वाढली की भाव कसा पडतो ते आपल्याला कोणी सांगायला नको, तिथे शेतकऱ्याच्या हातात काही नसतं कारण माल नासतो, पण तुमचं काम नासत नाही. मग भाव कशाला पाडायचा? त्यापेक्षा काम लहान करा. पूर्ण असेंब्ली ५ डॉलरला देण्याऐवजी एक साधा पार्ट, मापं दिलेला, फक्त स्टेप फाईल, दोन दिवसात, १५ डॉलर असं लावा. लहान काम लवकर संपतं, समोरच्याला रिस्क कमी वाटते, तुम्हालाही रिव्ह्यू मिळतो आणि पुढचं काम त्याच माणसाकडून येतं तेव्हा त्याचा रेट तुम्ही मोकळेपणाने सांगू शकता. आणि हिशोब करताना फक्त मॉडेल करायचे तास धरू नका, चॅटिंगचे, फाईल समजून घेण्याचे, दुरुस्तीचे तास पण धरा.

पैसे कधी आपले होतात हे पण नीट समजून घ्या कारण घरात हप्ते असतात, भाडं असतं. फायव्हरवर तुम्ही डिलिव्हरी दिल्यावर बायरने काहीच केलं नाही तर ३ दिवसांनी ऑर्डर आपोआप पूर्ण होते, पण त्यानंतर पैसे क्लिअर व्हायला साधारण १४ दिवस जातात. अपवर्कवर फिक्स प्राईसचं काम असेल तर क्लायंटने माईलस्टोनचे (कामाच्या टप्प्याचे) पैसे आधी एस्क्रोत, म्हणजे अपवर्ककडे राखून ठेवायला, भरले का ते बघा, भरले नसतील तर कामाला हात लावू नका, तो कितीही गोड बोलत असला तरी. तुम्ही काम सबमिट केल्यावर तो गप्प बसला तर १४ दिवसांनी पैसे सुटतात. ताशी काम असेल तर त्यांचं ट्रॅकर ॲप चालू ठेवूनच करा, ते स्क्रीनशॉट घेतं म्हणून काहींना आवडत नाही, पण हाताने टाकलेल्या तासांना पेमेंट प्रोटेक्शन नसतं, वाद झाला तर ते तास गेले.

टेलिग्राम किंवा व्हॉट्सॲपवर या म्हणणारा नवा क्लायंट आला की तिथेच थांबा. नियमात तर बसत नाहीच, अपवर्कवर तर तिथे भेटलेल्या क्लायंटशी २ वर्षं तिथूनच व्यवहार करायचा असा करार आपण साईन केलेला असतो, अकाउंट बंद होऊ शकतं. पण त्याहून वाईट म्हणजे पुढचं सगळं : काम सुरू करायच्या आधी रिफंडेबल डिपॉझिट भरा, हा क्यूआर स्कॅन करून व्हेरिफाय करा, ही झिप फाईल उघडून ड्रॉइंग बघा. काम देणारा माणूस काम करणाऱ्याकडून पैसे घेत नाही, हे घरच्यांनाही सांगून ठेवा. दुसरा एक प्रकार हल्ली वाढलाय, तुमचं अकाउंट भाड्याने द्या, महिन्याला इतके देतो. अजिबात देऊ नका. त्यावर तुमचं आधार-पॅन, तुमचं बँक खातं, तुमचं नाव आहे, तो त्यावर काय करेल त्याला तुम्ही जबाबदार.

फ्री सॅम्पलचं पण सांगतो. "टेस्ट म्हणून हा एक पार्ट करून दाखवा" असं काही जण पाच-सात जणांना वेगवेगळे पार्ट देऊन म्हणतात आणि त्यांची असेंब्ली फुकट होऊन जाते. टेस्ट द्यायचीच तर पैसे घेऊन द्या, लहान रकमेची, पण ऑर्डर बनवून. दाखवायला पोर्टफोलिओ आहेच ना. आणि पोर्टफोलिओत कंपनीची ड्रॉइंग टाकू नका रे, कळकळीने सांगतो. टायटल ब्लॉक (ड्रॉइंगच्या कोपऱ्यातली कंपनीच्या नावाची चौकट) खोडून टाकलं तरी ते डिझाईन कंपनीचंच आहे, तुमची नोकरी जाईल आणि शिवाय परदेशातला शहाणा क्लायंट ते बघून विचार करतो की हा माझं ड्रॉइंग पण उद्या असंच लावेल. घरात व्हर्निअर (बारीक मापं घ्यायचं साधन) असेल तर एखादा बेंच व्हाईस घ्या, पाण्याच्या मोटरचं फाउंडेशन ब्रॅकेट घ्या, सायकलचं हब घ्या, मोजा, मॉडेल करा, पूर्ण ड्रॉइंग काढा. हातात धरलेला पार्ट मोजून काढलेलं ड्रॉइंग, फोटोसकट, हे मला वाटतं नव्या माणसासाठी सगळ्यात चांगला पोर्टफोलिओ आहे. सॉफ्टवेअरचं पण तेच, स्टुडंट लायसन्सवर पैसे घेऊन काम करता येत नाही. सुरुवातीला लायसन्स परवडत नसेल तर फ्रीकॅड आहे, त्याचं १.० व्हर्जन नोव्हेंबर २०२४ मध्ये आलं, फुकट आहे आणि धंद्यासाठी वापरायला मोकळं आहे, साध्या पार्टचं काम त्यात आरामात होतं.

वेळेचं म्हणाल तर न्यूयॉर्कला सकाळचे ९ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात. रात्रभर जागायची काही गरज नाही, नोकरी करून तर मुळीच नाही, साडेसात ते साडेनऊ एवढा वेळ मेसेजसाठी पक्का ठेवा आणि तो प्रोफाईलवर लिहा. लाईट जाते त्याचा बंदोबस्त करा, निदान राऊटर आणि लॅपटॉप इन्व्हर्टरवर पाहिजे. पंचवटी, रामकुंडाच्या बाजूला राहणाऱ्यांनी सिंहस्थाच्या पर्वणीच्या दिवसांत घरात पाहुणे असणार, नेटवर्कवर ताण येणार हे धरून डिलिव्हरीच्या तारखा आधीच लांबवा, कारण फायव्हरवर एकदा घड्याळ सुरू झालं की वाढीव वेळेला बायरची परवानगी लागते. उशीर होणार असेल तर शेवटच्या तासाला नको, आदल्या दिवशी सांगा. रिव्ह्यू मागताना "फाईव्ह स्टार द्या" असं लिहू नका, नियमाविरुद्ध आहे.

टॅक्सकडे पहिल्या वर्षापासून लक्ष द्या. बाहेरून आलेल्या प्रत्येक पेमेंटचा कागद, म्हणजे बँकेचं किंवा पेओनियरचं (परदेशातून पैसे आणून देणारी कंपनी) एफआयआरए, परदेशातून पैसे आल्याचा दाखला, जपून ठेवा. सर्व्हिस देणाऱ्याला वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते, सर्व्हिस एक्स्पोर्टवर जीएसटी शून्य असतो पण नोंदणी असेल तर दरवर्षी एलयूटी (टॅक्स न भरता एक्स्पोर्ट करण्यासाठीचं हमीपत्र) भरावं लागतं. इन्कम टॅक्समध्ये ठराविक प्रोफेशनना निम्मं उत्पन्न नफा धरायची सोय आहे, सगळे ४४एडीए म्हणतात ती, रोख जवळपास नसेल तर ७५ लाखांपर्यंत. तुमचं काम त्यात बसतं का हे सीएला विचारा, रिटर्नच्या शेवटच्या आठवड्यात नको, आत्ताच.

आणि जुने क्लायंट झाले, काम नियमित यायला लागलं की रेट वाढवायला घाबरू नका. चालू ऑर्डर जुन्या रेटने पूर्ण करा, पुढच्या महिन्यापासून नवा रेट असेल असं दोन ओळीत कळवा, कारण देत बसू नका. सोबत नव्या रेटमध्ये काय काय येतं आणि काय येत नाही ते पुन्हा एकदा लिहून पाठवा.