हात आंबलाय, हे चिनीत कसं सांगायचं?

गेल्या महिन्यात ठाण्याला घरी आले. बॅगा अजून दारातच होत्या, तोवर शेजारच्या काकू डावा हात उजव्या हातानं सांभाळत आल्या. "तू तिकडे सुया टोचून घेतल्यास ना गं? मलाही टोचायच्यात. नौपाड्यात कोणी असेल तर बघ." आठ महिने झाले, त्यांचा हात खांद्याच्या वर जात नाही. वेणी घालताना कळ येते आणि त्या कुशीवर झोपता येत नाही. फोनवर तुमच्यापैकीही अनेकांनी हेच विचारलंय, म्हणून या ॲक्युपंक्चरच्या सुयांबद्दल एकदा नीट लिहिते.

शांघायमधलं माझं हे सहावं वर्ष. तिथली थंडी ओली असते. जुन्या इमारतींत हीटिंग नसतं, त्यामुळे घरातही स्वेटर उतरत नाही. अशाच एका जानेवारीत माझा उजवा खांदा धरला. आधी वाटलं, लॅपटॉपची बॅग बाधली. मार्चपर्यंत दोरीवर कपडे वाळत घालता येईनात.

मी आधी हाडांच्या डॉक्टरांकडेच गेले. एक्स-रे स्वच्छ निघाला. निदान फ्रोझन शोल्डर, म्हणजे सांध्याभोवतीचं आवरण सुजून आवळलं जातं. चिनीत याला फार नेमकं नाव आहे: 'वूशिजिएन', पन्नाशीचा खांदा. मी एकोणपन्नास वर्षांची होते. डॉक्टर म्हणाले, व्यायाम करावाच लागेल, आणि वाटलं तर खालच्या मजल्यावर सुयांच्या विभागात जा. एकाच दवाखान्यात, एकाच नोंदणी खिडकीतून दोन्ही उपचार मिळतात, हे तिथे कुणालाच नवल वाटत नाही.

खाली एक वयस्क डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी आधी जीभ बघितली, मग नाडी. आपले वैद्य बाईमाणसाची डावी नाडी बघतात. यांनी दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवली आणि बराच वेळ गप्प बसल्या. मग खांदा दाबत विचारलं, "सुआन मा?"

माझं चिनी भाजीबाजारापुरतं. 'सुआन' म्हणजे आंबट, हे व्हिनेगरच्या बाटलीमुळे माहीत होतं. खांदा दाबून ही बाई 'आंबट आहे का' विचारते म्हणजे काय? मला वाटलं, काल काय खाल्लं ते विचारतेय. मी म्हटलं, नाही, आंबट नाही खाल्लं. त्यांनी पुन्हा दाबलं, पुन्हा तेच विचारलं. आणि एकदम आई आठवली. दिवाळीच्या आधी दिवसभर चकल्या पाडून झाल्या की ती पाटावर टेकायची आणि म्हणायची, "हात नुसते आंबलेत गं." आंबलेत! हो, सुआन. अगदी सुआन. परक्या देशात, परक्या बाईसमोर मला माझ्या आईचा शब्द सापडला, आणि त्या दुखऱ्या हातासकट मला रडूच आलं.

मग सुया. केसासारख्या बारीक, सीलबंद पाकिटातून माझ्यासमोर काढलेल्या. शिरताना मुंगी चावल्यासारखं होतं, इंजेक्शनशी त्याची तुलनाच नको. खरी गंमत शिरल्यानंतर असते. बाई सुई हलकेच फिरवायच्या आणि विचारायच्या: सुआन? मा? जांग? आंबलं? मुंग्या आल्या? तटतटलं? यातलं काही जाणवलं की सुई योग्य जागी लागली. याला ते 'दछी' म्हणतात. तिसऱ्या खेपेपर्यंत मी नुसतं 'दुखतं' म्हणणं सोडून दिलं होतं. ठणका वेगळा, कळ वेगळी, सणक वेगळी, रग लागणं वेगळं, हे आपल्यालाही ठाऊक असतं. डॉक्टरांकडे गेलो की मात्र आपण सगळ्याला 'पेन' म्हणून मोकळे होतो.

एक सुई खांद्याच्या टोकाशी, हात उचलला की जिथे खळगा पडतो तिथे. एक कोपर दुमडल्यावर घडी संपते त्या बाहेरच्या टोकाला, एक अंगठा आणि तर्जनीच्या मधे. शेवटची चक्क पायात: गुडघा आणि घोट्याच्या मध्यावर, नडगीच्या बाहेरच्या अंगाला. ती टोचलेली असताना बाई म्हणायच्या, आता हात उचल. आणि हात त्या वेळी खरंच थोडा वर जायचा.

वीस-पंचवीस मिनिटं सुया ठेवून वरून शेक. तो 'आय' नावाच्या वनस्पतीच्या जळत्या कांडीचा. आपल्या दवण्याच्या कुळातली ही वनस्पती. काढ्यात तर आपलं स्वयंपाकघरच होतं: हळद, आलं, ज्येष्ठमध, दालचिनीच्या कोवळ्या फांद्या. पण काढ्याबाबत मी कडक आहे. तिकडच्या दुखण्यावरच्या औषधांत बचनागाच्या जातीची मुळंही असतात. ती नीट, पुष्कळ वेळ उकळली नाहीत तर हृदयाची लय बिघडते. घरगुती औषधी दारूतून माणसं दगावलेली आहेत. म्हणून कुणी तिकडून आणलेली पुडी घेऊ नका. माझ्याकडेही मागू नका.

मी भारतातली म्हटल्यावर बाई म्हणाल्या, "के दिह्वा!" म्हणजे आपले डॉ. द्वारकानाथ कोटणीस. मी म्हटलं, आमच्या सोलापूरचे. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टर युद्धात होरपळणाऱ्या चीनला मदतीला गेले, त्यातले कोटणीस १९४२ मध्ये तिथेच वारले, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी. त्याच पथकातले डॉ. बसू पुढे ॲक्युपंक्चर शिकून कोलकात्यात आले. त्या दिवशी बाईंनी मला पंधरा मिनिटं जास्त दिली.

दहा खेपांनी रात्रीची झोप परत आली. हात पूर्ण वर जायला मात्र वर्ष लागलं, आणि त्यात भिंतीचा वाटा मोठा होता. भिंतीकडे तोंड करून बोटांनी वर चढत जायचं, पोचलो तिथे पेन्सिलनं रेघ मारायची, रोज. फ्रोझन शोल्डर बहुतेकांचा एक ते तीन वर्षांत आपणहून सुटतो, आणि अभ्यासांत खऱ्या आणि लुटुपुटूच्या सुयांच्या परिणामात फरक थोडाच दिसतो. त्यामुळे सगळं श्रेय सुयांना देणं मला पटत नाही. पण झोप मिळाल्यामुळे व्यायाम करायचं बळ आलं, हे मी शपथेवर सांगेन.

काकूंना मी तीन प्रश्न विचारले. हाताबरोबर छातीत दाब, दम, घाम असं काही होतं का? डावा हात आहे, तसं झालं तर सुयाबिया नाही, तडक हॉस्पिटल. म्हणाल्या नाही. एक्स-रे काढला? नाही. साखर तपासली? त्यावर त्या गप्प झाल्या. मधुमेह असेल तर खांदा धरण्याचं प्रमाण बरंच जास्त असतं, आणि साखर वाढलेली असताना नुसत्या सुया टोचून भागत नाही.

दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी त्यांना घेऊन राम मारुती रोडजवळच्या लॅबमध्ये गेले. साखर वाढलेली निघाली. आता गोळ्या सुरू आहेत, फिजिओथेरपी सुरू आहे. सुयाही घ्यायच्याच आहेत त्यांना, आणि माझी हरकत नाही. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे, तेव्हा माणूस नोंदणीकृत आहे ना ते विचारायचं, आणि पाकीट समोर फोडायला सांगायचं. मानेजवळ, खांद्याच्या वरच्या भागात खोल सुई घालू द्यायची नाही, खाली फुप्फुसाचं टोक असतं.

काल त्यांनी फोटो पाठवला. स्वयंपाकघरातल्या भिंतीवर, फ्रिजच्या बाजूला, पेन्सिलच्या चार रेघा. खाली लिहिलंय: "आज हात आंबला, पण सणक नाही आली."