पुरातला मारुती

सगळ्यात पहिली आठवण कोणती, असं कुणी विचारलं की माझं उत्तर तयार असायचं. १९६९ चा महापूर. मी तीन वर्षांचा, काकांच्या खांद्यावर. खाली सराफ बाजारात शिरलेलं गढूळ पाणी आणि "दुतोंड्या बुडाला!" असा कुणीतरी केलेला पुकारा. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात आणि तिचा पूर दुतोंड्या मारुतीच्या अंगावर मोजतात. कमरेला लागलं, छातीला लागलं, गळ्याशी आलं. मारुतीच बुडाला म्हटल्यावर पुढचं कुणाला सांगावं लागत नाही.

गेल्या दिवाळीत भाचरांना हे रंगवून सांगत होतो. आई चकल्या तळत होती. झारा न थांबवता म्हणाली, "तू कुठला पाहतोयस? सणकून ताप होता तुला. माजघरात मांडीवर घेऊन बसले होते मी. पूर भाऊजींनी पाहिला, आणि पुढं दहा वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवला."

पन्नासेक वर्षं जपलेला पूर असा कढईत गेला.

जाँ पियाजेचं वाचलं तेव्हा जरा धीर आला. मुलांचं मन अभ्यासण्यात ज्याची हयात गेली, त्याचीही पहिली आठवण उसनीच होती. पॅरिसच्या रस्त्यावर बाबागाडीतून त्याला पळवायचा प्रयत्न झाला, दाईनं झुंज दिली, तिच्या तोंडावर ओरखडे उठले, हे सगळं त्याला लख्ख दिसायचं. तो पंधराएक वर्षांचा असताना दाईनं पत्र लिहून कबूल केलं की ती गोष्ट तिनंच रचली होती. बक्षीस मिळालेलं घड्याळही तिनं परत केलं. (आमच्या काकांनी असं काही परत केल्याचं ऐकिवात नाही.)

बहुतेकांची पहिली आठवण तीन ते चार वर्षांच्या दरम्यानची असते म्हणतात. त्याआधीचं पुसलं जातं. घरचे मग ती रिकामी जागा आपल्या गोष्टींनी भरतात, आणि गोष्ट चांगली असली की ती आपल्या डोळ्यांनी पाहिल्यासारखी वाटू लागते. म्हणून हल्ली मी आठवणीला एकच कसोटी लावतो : ही सांगण्यात कुणाला काही रस असता का?

त्या कसोटीला माझी एकच उतरते. वाड्याच्या न्हाणीघरातला तांब्याचा बंब. तोटीतून ठिबकणारा थेंब खाली सांडलेल्या निखाऱ्यावर पडतो, चुर्र होतो, राखेत बारीक खड्डा पडतो. मी उकिडवा बसून पुढच्या थेंबाची वाट पाहतोय. बस, एवढंच. ना पूर, ना मारुती. अशी गोष्ट कोण कुणाला कशाला सांगेल?

आई आता ऐंशी ओलांडून गेली आहे, पण स्मरणशक्ती खणखणीत. तोटी नेमकी कोणत्या बाजूला होती, हे तिला विचारावंसं फार वाटतं. अजून विचारलेलं नाही.