तुम्ही विचारलंत म्हणून: ही पुस्तकं सापडतात कुठं?

गेल्या आठवड्यात राम मारुती रोडवर भाजी घेत होते, तर एका ओळखीच्या बाईंनी पुन्हा तेच विचारलं. "तुमच्या पिशवीत नेहमी असलं पुस्तक असतं, ज्याचं आम्ही नावही ऐकलेलं नसतं. कधी पक्ष्यांचं, कधी शेतसाऱ्याचं, कधी कुणाच्या कुलवृत्तांताचं. हे सापडतं कुठं तुम्हाला?" भाची विचारते, शेजारच्या काकू विचारतात, नोकरीत होते तेव्हा बसमधल्या मैत्रिणीही विचारायच्या. इतकी वर्षं मी उभ्या उभ्या चार नावं सांगून मोकळी होत असे. पण ज्यांना नावं दिली, त्यांनी ती पुस्तकं आणली, वीसेक पानं वाचली आणि परत केली. पुस्तकं चांगलीच होती. मला ती मिळाली तेव्हा माझ्या डोक्यात काहीतरी खटकत होतं, आणि त्यांच्या हातात नुसती यादी होती. म्हणून या खेपेला नावांच्या आधी सापडण्याची गोष्ट सांगते.

माझी नोकरी विक्रोळीला होती. ठाण्याहून ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेनं बस जायची. मुलुंड-भांडुपच्या बाजूला मिठागरं दिसायची, पाण्याचे चौकोन आणि उन्हाळ्यात बांधावर पांढरे ढीग. सात-आठ वर्षं मी ती रोज पाहिली. एकदा पावसाच्या आधी एक म्हातारे गृहस्थ त्या ढिगांवर गवत पसरताना दिसले आणि मनात आलं, हे मीठ पिकवणारे लोक कोण? कधीपासून आहेत? रोजच्या आमटीत पडणाऱ्या जिनसाबद्दल मला इतकंही ठाऊक नसावं, हे मला लागलं.

वाचनालयात जाऊन मी "मिठावरचं पुस्तक" मागितलं. मिळाला मिठाच्या सत्याग्रहाचा इतिहास, १९३० सालचा. तो महत्त्वाचाच, पण माझा प्रश्न त्याच्या आधीचा होता. तेव्हा देवघेवीच्या टेबलावरच्या ताईंनी संदर्भ विभागाकडे बोट केलं आणि म्हणाल्या, "गॅझेटियर बघितलंत का?" गॅझेटियर म्हणजे सरकारनं काढलेला जिल्ह्याच्या माहितीचा ग्रंथ. ठाणे जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर १८८२ सालचं, मुंबई इलाख्याच्या मालिकेतलं तेरावं, दोन भागांत, आणि जिल्ह्यातल्या गावा-ठिकाणांसाठी चौदावं वेगळं. इंग्रजीत आहे, भाषा जड आहे. पण खाडी, खाजण, भात, ताडी, होड्या, गावोगावचे बाजार, मीठ, सगळं त्यात आहे. हे सगळे खंड आता राज्य शासनाच्या दर्शनिका विभागानं संकेतस्थळावर ठेवले आहेत, घरबसल्या फुकट वाचता येतात. ठाण्यात राहणाऱ्या प्रत्येकानं निदान आपल्या गावाचं पान उघडावं असं मला मनापासून वाटतं.

मात्र वाचताना एक गोष्ट सतत टोचत राहिली. ते सगळं राज्य करणाऱ्याच्या नजरेतून लिहिलेलं आहे. मिठावर कर होता, म्हणून मिठाची एवढी नोंद. मीठ पिकवणाऱ्या आगरी माणसांची वर्णनं तर वरून खाली बघत केलेली. आगर म्हणजे मिठागर, त्यावरूनच आगरी हे नाव आलं असं सांगतात. म्हणजे ज्यांचं नावच या कामाशी जोडलेलं आहे त्यांचा स्वतःचा आवाज त्यात नाही. मग तो शोधायला निघाले.

तो आवाज मला कादंबरीत मिळाला नाही. लग्नात धवलारणी जे धवले गातात त्यांच्या संग्रहांत मिळाला, आणि चरीच्या संपावरच्या लिखाणात. अलिबागजवळच्या चरी गावात आणि आसपासच्या गावांत कुळांनी खोतांच्या, म्हणजे गावच्या जमीनदारांच्या, जमिनी कसायच्याच नाहीत असं ठरवलं. नारायण नागू पाटील यांच्या पुढारपणाखाली, १९३० च्या दशकात, हा संप वर्षानुवर्षं टिकला. चूल पेटवायला लोक जंगलातून लाकूड आणून विकत राहिले, पण शेतात उतरले नाहीत. मी कोकणातच वाढले, शाळेत इतिहास शिकले, आणि हे मला चाळिशीत कळलं. कुठून, तर मिठापासून.

उलट दिशेनं, म्हणजे आणखी मागं गेले तेव्हा महिकावतीची बखर हाती आली. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी १९२४ साली संपादून छापली, सोबत लांबलचक प्रस्तावना. उत्तर कोकणातली गावं, घराणी, वहिवाटी. ज्या स्टेशनांवरून आपण लोकलनं धडधडत जातो त्यांतली कितीतरी नावं तिथं गावं म्हणून भेटतात. बखर सलग वाचायला सोपी नाही, हे आधीच सांगते. मी ती तुकड्यांनी वाचली, नकाशा शेजारी ठेवून.

आता या सगळ्याची गाठ जिथं बसली ते सांगते, कारण तेव्हा माझे हात थरथरले होते. आपल्या ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली सुरू झालं. मराठी ग्रंथ जमवायचे, जपायचे, एवढ्यासाठी. ते उभं करणाऱ्यांत विनायक लक्ष्मण भावे होते, 'महाराष्ट्र सारस्वत' लिहिणारे, जुन्या कवींची बाडं गोळा करत हिंडणारे. आणि या भाव्यांचा व्यवसाय होता मिठागरांचा! ज्या पांढऱ्या ढिगांपासून मी निघाले, त्याच व्यवसायातला माणूस मला पुस्तकांच्या दारात उभा सापडला. महानुभावांचे ग्रंथ कित्येक शतकं सांकेतिक लिपीत बंद होते, पंथाबाहेर कुणाला वाचता येत नव्हते. राजवाड्यांनी लिपीची उकल केली आणि त्या वाङ्मयाची ओळख भाव्यांच्या ग्रंथातून सर्वसाधारण मराठी वाचकाला झाली. अख्खं वाङ्मय लोकांच्या घरात, कपाटात असूनही 'नसलेलं' होतं. अपरिचित पुस्तक म्हणजे काय, हे मला तेव्हा नीट समजलं.

तर पद्धत म्हणाल तर एवढीच. स्वतःला खरोखर पडलेला एक प्रश्न, आणि एका पुस्तकाच्या मागच्या पानांतून दुसऱ्या पुस्तकाकडे जाणं. संदर्भसूची कुणी वाचत नाही, मी आधी तीच वाचते. लेखकानं ज्याच्या खांद्यावर उभं राहून लिहिलं, त्याचं नाव तिथं बारीक टाइपात असतं.

वाचनालयात आणखी एक करा. पुस्तकाच्या पाठीवर चिकटवलेला वर्गांक असतो ना, तो बघा. बहुतेक ठिकाणी ड्यूईच्या दशांश पद्धतीनं विषय लावलेले असतात: ३९० च्या आसपास रूढी आणि लोकसाहित्य, ५९८ पक्षी, ६३० शेती, ६४१ स्वयंपाक, ९१० प्रवास. आवडलेल्या पुस्तकाचा क्रमांक घेऊन त्या फळीसमोर उभं राहायचं आणि शेजारची दहा पुस्तकं बाहेर काढायची. मुक्तद्वार पद्धत, म्हणजे वाचकाला स्वतः फळीपर्यंत जाता येतं अशी सोय, असेल तिथंच हे जमतं. नसेल तर ग्रंथपालांना विनंती करा, मला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. ६४१ च्या फळीवर मला रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र' मिळालं, १८७५ सालचं, मराठीतल्या सर्वांत जुन्या छापील पाकपुस्तकांपैकी एक, आता पुन्हा छापलेलं. आणि त्याच क्रमांकाचं शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म', २०१५ सालचं, मराठवाड्यातल्या महार-मांग घरांत काय शिजत होतं, काय शिजवावं लागत होतं त्याबद्दल. मध्ये एकशे चाळीस वर्षं. दोन्ही घरी आणली आणि एक दिवसाआड आलटून पालटून वाचली. एका पुस्तकातल्या चुलीला दुसऱ्या पुस्तकातल्या चुलीचा पत्ताच नव्हता. फळीवर मात्र ती एकमेकांना टेकून होती. एकटं एकच वाचलं असतं तर मला दोन्ही कळली नसती.

नुसती नावं धुंडाळायची असतील तर शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची मागा. पहिला भाग १८०० ते १९३७ चा, दुसरा १९३८ ते १९५० चा. एका माणसानं वाचनालयं पालथी घालून सर्व विषयांच्या मराठी पुस्तकांची नोंद केली. मी ती दुपारी मांडीवर घेऊन बसते. घड्याळदुरुस्ती, रंगकाम, घोड्यांचे रोग, सुईणकाम. मराठीत या सगळ्यांवर पुस्तकं झाली होती! मग त्यांतलं एखादं इंटरनेट अर्काइव्हवर किंवा राज्य मराठी विकास संस्थेच्या दुर्मीळ ग्रंथांत सापडतं का ते बघायचं. साहित्य संस्कृती मंडळाचीही कितीतरी पुस्तकं संकेतस्थळावर मोफत आहेत. विश्वकोशाची तर प्रत्येक मोठी नोंद पाहा, खाली संदर्भ दिलेले असतात.

अपरिचित आहे म्हणून पुस्तक चांगलंच, असं मात्र नाही. पुष्कळ पुस्तकं विसरली गेली ती योग्यच झालं. मी आधी ऋणनिर्देश वाचते. लेखकानं कुणाचे आभार मानलेत? अमुक गावचे कोतवाल, तमुक बंदरावरचे तांडेल, रोपवाटिकेतली माणसं अशी नावं असतील तर तो माणूस चपला झिजवून आलेला आहे. मग मधलंच एक पान उघडते. तिथं मला माहीत नसलेलं निदान एक काम, एक हत्यार, एक शब्द भेटला तर पुस्तक घरी येतं. त्रिंबक नारायण आत्र्यांचं 'गावगाडा' १९१५ सालचं. त्याचं कुठलंही पान उघडा, रिकाम्या हातानं परत येणार नाही. बलुतेदाराला खळ्यावर काय मिळत होतं, गावावर कुणाकुणाचा भार पडत होता, हे नोकरीत गावं पाहिलेल्या माणसानं लिहिलंय.

एक दुखरी गोष्ट आहे, तीही सांगते. काही वर्षांपूर्वी एका छोट्या वाचनालयानं जागा कमी पडते म्हणून जुनी पुस्तकं रद्दीत काढली. मला कळलं तेव्हा सुतळीनं बांधलेले गठ्ठे टेम्पोत चढत होते. कोणती काढायची हे त्यांनी तारखेच्या पट्टीवरून ठरवलं होतं. दहा वर्षांत शिक्का नसेल तर बाहेर. मी रडकुंडीला येऊन त्यांतली अकरा मागून घेतली. एका गावच्या शाळेची शतकमहोत्सवी स्मरणिका, दोन कुलवृत्तांत, नारळाच्या बागेवरचं एक पुस्तक, एका परिचारिकेनं स्वतःच्या खर्चानं छापलेल्या आठवणी. अशा पुस्तकांची दुसरी आवृत्ती निघत नाही. म्हणून तुमच्या हाती असं काही आलं आणि तुम्हाला वाचायचं नसलं, तरी नावावर घ्या, शिक्का मारून घ्या. तो शिक्का त्या पुस्तकाचं आयुष्य वाढवतो.

भाजीवाल्यापाशी भेटलेल्या त्या बाईंना मी या वेळी नाव सांगितलं नाही. उलट विचारलं, "तुम्हाला कशाचं नवल वाटतं?" त्या जरा थांबल्या. मग म्हणाल्या, माझे वडील उरणला मिठागरात हिशेब लिहायला होते, त्यांच्या वहीत काही शब्द आहेत, घरात कुणालाच त्यांचे अर्थ लागत नाहीत. वही अजून जपून ठेवली आहे त्यांनी. शनिवारी ती घेऊन त्या येणार आहेत, आणि आम्ही दोघी संदर्भ विभागात बसणार आहोत.